न फिरणारे चाक

वाचन : निर्गम १७:८-१३, मत्तय ११:२८-३०



सायकलीला गिअर बसवला की चढ कमी होतो, असे आपण सहज म्हणून जातो. चढ कमी होत नाही. पुलाची उंची तेवढीच राहते, सायकलीचे आणि माणसाचे वजन तेवढेच राहते, पायांत नवे बळही येत नाही. एवढेच होते की तोच चढ पायडलच्या जास्त फेऱ्यांत वाटला जातो आणि दर फेरीला पायावर येणारा भार हलका होतो. आमच्या बेळगावातल्या भेटी-सेवेत हा फरक आम्हाला नीट समजून घ्यावा लागला, कारण त्याच्यावर एका वयस्कर सेवकाची सेवा अवलंबून होती.

आमच्या मंडळीतल्या आठ घरी अशी माणसे आहेत, जी रविवारच्या उपासनेला येऊ शकत नाहीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या आम्हा चौघांत सर्वांत मोठे मास्तर. वय ७१. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते आपल्या काळ्या सायकलीवरून निघतात. पिशवीत पवित्र शास्त्र, गायनाचे पुस्तक, रविवारचे पत्रक आणि कुणाकुणाची औषधे. शेवटचे घर रेल्वेवरच्या उड्डाणपुलापलीकडे, पुन्हा एक चढ चढून गेल्यावर. तिथे एक आजी सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत.

दोनेक वर्षांपूर्वी मास्तरांचा उजवा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितले नाही. जोर लावून चढ चढू नका, एवढेच सांगितले. मग मास्तर पुलाच्या पायथ्याशी उतरून सायकल ढकलत नेऊ लागले. आजींच्या घरी पोहोचत तेव्हा त्यांना इतका दम लागलेला असे की पहिली दहा मिनिटे ते नुसते बसून राहत. आजींना वाटे, आपल्यामुळे या माणसाला त्रास. एका शुक्रवारी त्यांनी सुनेकडून निरोपच पाठवला, "मास्तरांना म्हणावं, आता नका येऊ. मी इथून प्रार्थना करीन."

तो निरोप आमच्या मनाला लागला. आमच्यापैकी कुणीही मोटरसायकलवरून आजींकडे जाऊ शकत होते, आणि जातही होतो. पण मास्तरांनी त्यांच्या मुलांना शिकवले होते, त्यांच्या यजमानांच्या दफनाच्या वेळी कबरीशी उभे राहून प्रार्थना केली होती. अशा माणसाच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो. ते येणे मात्र पाठवता येत नाही.

तरुण संघाने बॅटरीवरच्या स्कूटरसाठी वर्गणी काढायची तयारी दाखवली. मास्तरांनी आयुष्यात सायकलीखेरीज काही चालवले नव्हते, आणि या वयात गर्दीच्या रस्त्यावर नवे वाहन शिकायला ते तयार नव्हते. तेव्हा आमच्यातल्या एकाने हबच्या आतल्या गिअरची गोष्ट काढली. मास्तर हसले, पण त्यांचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. "चाळीस वर्षं एकाच गतीनं चालवली. प्रभूच्या कामात आता सोपं करून मागायचं होय?"

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. सेवा म्हटली की ती अंगाला दुखलीच पाहिजे, दुखली नाही तर ती खरी नव्हे, असे आपण धरून चालतो. त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणी दिले नाही. आम्ही ज्या मिस्त्रींकडे सायकली नेतो, त्यांनी दिले. ते आपल्या धर्माचे नाहीत. चाक हातात फिरवत ते म्हणाले, "मास्तर, चढ तेवढाच राहतोय की. फक्त घास लहान होतोय."

हब मिळाला तो आमच्याच मंडळीतून. एका विधवा भगिनींच्या सासऱ्यांची इंग्लिश रॅले सायकल मागच्या पडवीत गंजून पडली होती. सांगाडा गेला होता, पण मागच्या चाकातला तीन गतींचा स्टर्मी-आर्चर हब शाबूत होता. त्याच्या कवचावर ५२ हा आकडा उमटवलेला आहे. म्हणजे तो १९५२ सालचा. त्यांनी तो दिला आणि एकच अट घातली, की उपासनेत आपले नाव जाहीर करायचे नाही.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तीन गतींचा असा हब इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरात १९०२ च्या सुमारास पुढे आला. सायकलीचा इतिहास लिहिणारे सांगतात की त्याची रचना विल्यम रायली नावाच्या माणसाची होती. पण आधीच्या एका कंपनीबरोबरच्या कराराने तो बांधला गेलेला होता, म्हणून पेटंट त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावे घेतले गेले. हबवर नावे आली ती हेन्री स्टर्मी आणि आर्चर यांची. रायलीचे नाव कवचावर कुठेच नाही, आणि आत त्याचे काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आमच्या भगिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझं बरोबर आहे."

मिस्त्रींनी तीन दिवस घेतले. आपल्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला चाळीस आरे असतात आणि पुढच्याला बत्तीस. ही जुनी इंग्रजी पद्धत आपल्याकडे टिकून आहे. जुना हबही चाळीस छिद्रांचा निघाला, त्यामुळे मास्तरांचीच रिम कामी आली. हबची कड मोठी असल्याने आरे थोडे आखूड लागले. हब रॉकेलने धुतला, वाळवला, आत पातळ तेल सोडले, छर्रे बदलले, मग चाक गुंफून त्याचा आउट काढला. चेन जुनीच चालली. हँडलवरची गिअरची कळ जुन्या सायकलीवरचीच घेतली, तार नवी टाकली. हबवरचे दातेरी चाक अठरा दात्यांचे होते, आणि मास्तरांच्या फ्रीव्हीललाही अठराच दाते होते. म्हणून मधला गिअर म्हणजे त्यांची जुनी सायकल जशीच्या तशी. वरचा गिअर सपाट रस्त्यासाठी, खालचा चढासाठी.

हब उघडलेला असताना मिस्त्रींनी आम्हाला आतली रचना दाखवली. तिने आम्हाला फार शिकवले, म्हणून ती थोडक्यात सांगतो.

मधोमध अॅक्सलवर वीस दात्यांचे एक चाक आहे. ते अॅक्सलला पक्के जडलेले असते, कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती एका चौकटीत वीस-वीस दात्यांची चार लहान चाके फिरतात. त्या सगळ्यांना कवेत घेणारे एक कडे आहे, त्याला आतून साठ दाते. खालच्या गिअरमध्ये चेनचा जोर कड्यावर येतो, कडे लहान चाकांना फिरवते, लहान चाके न फिरणाऱ्या चाकाला धरून त्याच्याभोवती चालतात, आणि त्यांची चौकट मागच्या चाकाला ओढते. चेनकडचे दातेरी चाक चार फेरे फिरले की मागचे चाक तीन फिरते. वेग घटतो, जोर वाढतो. चेनकडून जोराचे तीन हिस्से आले तर चाकाला चार हिस्से मिळतात.

हा चौथा हिस्सा येतो कुठून? आम्ही हाच प्रश्न विचारला. मिस्त्रींनी मधल्या चाकावर बोट ठेवले. ते जागेवरून हलत नाही, उलटा रेटा स्वतःवर घेते, म्हणून चौथा हिस्सा मिळतो. ते चाक सैल असते तर लहान चाके जागच्या जागी गरगरली असती आणि सायकल पुढे गेली नसती. म्हणूनच अॅक्सलच्या दोन्ही टोकांना जिभेचे खास वायसर लागतात. जीभ फ्रेमच्या खाचेत बसते आणि अॅक्सलला फिरू देत नाही. मिस्त्री म्हणाले, दुसरे काही विसरलात तर चालेल, हे वायसर विसरू नका.

मास्तरांना सायकल वापरताना एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. हा गिअर जोर लावून बदलत नाही. पाय क्षणभर सैल सोडावा लागतो, मग कळ दाबायची. उभ्या सायकलीवरही तो बदलता येतो. पण अर्ध्या चढावर, दात-ओठ खात पायडल रेटत असताना कळ ओढली तर आतले दाते सुटत नाहीत. आणि तार नीट जुळलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा लागते. तिथे पायडल अचानक मोकळे फिरते आणि उभे राहून चालवणारा पडू शकतो. म्हणून तार दर आठवड्याला बघायची, उभे राहून रेटायचे नाही, आणि चढ सुरू होण्याआधीच गिअर बदलायचा.

आपली प्रार्थना पुष्कळदा अर्ध्या चढावरची असते. सगळे बळ संपत आले, गुडघा बोलू लागला, की मग आपण प्रभूला हाक मारतो, आणि तेव्हाही पाय सैल सोडत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू थकलेल्यांना जवळ बोलावतो आणि विसावा देऊ करतो. पण त्याच श्वासात तो आपले जू खांद्यावर घ्यायलाही सांगतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून द्यावे लागत नाही. जू चुकीचे बसले तर बैलाची मान सोलवटते. बेताचे बसले तर तोच बैल तीच नांगरट दिवसभर करतो. प्रभू नांगरट रद्द करत नाही. तो आपल्या मानेचे माप घेतो.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे आणि खाली यहोशवा अमालेकाशी लढतो आहे. मोशेचे हात जड होतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याच्याखाली एक धोंडा ठेवून त्याला बसवतात आणि सूर्य मावळेपर्यंत दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. मोशेने धोंडा नाकारला नाही. बसून केलेली सेवा उभ्याने केलेल्या सेवेपेक्षा कमी, असे त्या अध्यायात कुठेही सुचवलेले नाही. हात वर राहिले, एवढेच महत्त्वाचे होते. हा उतारा आम्ही मास्तरांसमोर वाचला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघूया की. उद्या मंगळवार आहे."

त्या मंगळवारी ते पूल सायकलवरून चढले. हळू चढले, पोरे त्यांना मागे टाकून गेली. हा हब मधल्या आणि वरच्या गिअरमध्ये टिकटिकतो आणि खालच्या गिअरमध्ये गप्प होतो; मास्तर सांगतात, चढावर त्यांना फक्त आपला श्वास ऐकू येत होता आणि तो पुरत होता. आजींच्या घरी पोहोचल्यावर त्यांनी बसायच्या आधी गायनाचे पुस्तक उघडले.

आजींनी विचारले, आज दम कसा नाही? तेव्हा शिक्षकच ते, त्यांनी पत्रकाच्या मागे चित्र काढून सगळा हब समजावला. कडे, चार लहान चाके, आणि मधले न फिरणारे चाक. आजी पुष्कळदा म्हणत असत की देवाने मला अजून का ठेवले आहे, एका जागी पडलेल्या माणसाचा कुणाला काय उपयोग. त्या दिवशी त्यांनी मधल्या चाकावर बोट ठेवून विचारले, "हे हललं तर?"

"हललं तर मी पुलाखालीच," मास्तर म्हणाले.

त्यापुढे दोघांत काय बोलणे झाले ते मास्तरांनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता, मास्तर घरून निघण्याच्या वेळी, आजी सुनेला खिडकी उघडायला लावतात आणि प्रार्थना सुरू करतात. फक्त मास्तरांसाठी नव्हे. त्या दिवशी भेटी असलेल्या घरांची नावे त्यांनी मागून घेतली आहेत. नका येऊ, हा निरोप पुन्हा आलेला नाही.

मास्तरांचा गुडघा बरा झालेला नाही. एक दिवस खालचा गिअरही पुरणार नाही, हे त्यांना आणि आम्हाला ठाऊक आहे. तो दिवस येईल तेव्हा त्यांचीही जागा बहुधा खिडकीशी असेल, आणि ती जागा रिकामी नसते हे आता आम्ही शिकलो आहोत.

आपल्या मंडळीत असा कुणी सेवक असेल, जो चढाच्या पायथ्याशी उतरून ढकलत चालला आहे, तर त्याला थांबा म्हणण्याआधी त्याच्या मापाचे काही करता येईल का, ते पाहा. आणि कुणी एका जागी पडून असेल, तर त्याला या आठवड्यातल्या भेटींची यादी द्या. तो आपल्या चढाचा चौथा हिस्सा आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमचे चढ तुला ठाऊक आहेत आणि आमचे गुडघेही. बळ सरण्याआधी पाय सैल सोडून तुझ्याकडे मागायला आम्हाला शिकव. दिलेली मदत लाज न बाळगता घेऊ दे. जे अंथरुणावर आहेत, त्यांना आपण निरुपयोगी आहोत असे वाटू देऊ नकोस. आणि तू, जो हलत नाहीस, आम्हाला धरून ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.