भाऊ किती?

न्हावऱ्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, पण स्टेजवरच्या दोन राजेशाही खुर्च्या तशाच होत्या. एकीवर लिलाव पुकारणारा बसला, दुसरीवर लॅपटॉप ठेवला. डिसेंबर 2023 मधली गोष्ट. शिरूरचे चार संघमालक डावीकडे, दौंडचे चार उजवीकडे, मधली वाट मोकळी. फक्त अंतरपाट धरायचा बाकी होता. न्हावरं ठरलं, कारण ते दोन्ही गावांना सारखंच गैरसोयीचं.

संघमालक म्हटल्यावर गैरसमज नको. मी रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली आणि अर्जावर सही माझी होती, म्हणून मी मालक. टेनिस बॉलच्या अशा लीग आता गावोगावी आहेत. रंगीत टी-शर्ट, चौकात फ्लेक्स, यूट्यूबवर थेट सामना, क्रिकहिरोजवर चेंडूचेंडूचा हिशोब. निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम आपोआप फुगते, तेवढंच वेगळेपण. लिलाव पैशांचा नसतो, पॉइंटांचा असतो. आमच्यात प्रत्येक संघाला 50 हजार पॉइंट होते, खेळाडू बारा घ्यायचे आणि बोली हजारापासून.

नियम एक मात्र निराळा होता. घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत तुमचाच. वर्षाला जास्तीत जास्त चार जण सोडायचे आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे. रविवारी एकाकडून आणि सोमवारी टी-शर्ट बदलून दुसऱ्याकडून खेळणाऱ्या पोरांना सगळेच वैतागले होते, त्यातून हा नियम निघाला.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो एकदम खुलला. म्हणाला, "मामा, ही तर डायनॅस्टी लीग!" तिकडे म्हणे अमेरिकन फुटबॉलची अशी कागदावरची लीग मित्रामित्रांत खेळतात. खरे खेळाडू मैदानात खेळतात आणि त्यांच्या कामगिरीवर आपल्या कागदावरच्या संघाला गुण मिळतात. 1962 साली ऑकलंडच्या संघाशी संबंधित काही मंडळींनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून हा खेळ रचला. डायनॅस्टीत खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतो. मी त्याला म्हटलं, डायनॅस्टी म्हणजे घराणेशाही ना? ती आमच्या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही.

पण त्याचा सल्ला मी वहीत उतरवून घेतला. पहिल्या वर्षी जिंकायच्या मागे लागायचं नाही, तिसऱ्या वर्षी जिंकायचं. वय बघायचं. चेंडू घेऊन गर्दीत घुसणारे सत्ताविशी ओलांडली की उतरणीला लागतात, पास झेलणारे त्याहून टिकतात आणि पास फेकणारा क्वार्टरबॅक तर पस्तिशीतही चालतो. आज नाव असलेल्यांवर सगळे तुटून पडतील. त्यांना पडू दे, तू पोरं घे.

हे मला मनापासून पटलं. क्रिकहिरोजवरून मी दोन्ही तालुक्यांतल्या पोरांचे आकडे काढले, वयाचे रकाने आखले, विशीच्या आतल्यांना हिरव्या पेनानं खुणा केल्या. भागीदार कुरकुरले तेव्हा मी त्यांना 2008 सालचं आयपीएल सांगितलं. धोनीला चेन्नईनं 15 लाख डॉलरला घेतलं हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच वर्षी 19 वर्षांखालच्या पोरांची वेगळी निवड झाली होती. दिल्लीनं घरच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळुरूला गेला. "मग बंगळुरूला कप मिळाला का?" एका भागीदारानं विचारलं. 2023 मध्ये या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

लिलावात मी तीन पोरं उचलली. भीमेकाठच्या गावचा अठरा वर्षांचा डावखुरा फास्ट बॉलर 14 हजारांना, एकोणीस वर्षांचा ओपनर 11 हजारांना आणि बारावीतला एक विकेटकीपर 9 हजारांना. तिघांत 34 हजार गेले. उरलेल्या 16 हजारांत नऊ जण भरायचे होते, म्हणजे पंगत उठल्यावर राहिलेलं गोळा करायचं. बॉलरवर शेवटची बोली माझी पडली तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीत दौंडचे मामा बसले होते. रेल्वेत पॉइंट्समन, नोकरीची थोडी वर्षं उरलेली, सगळं स्टेशन त्यांना मामाच म्हणतं. त्यांच्याकडे ना लॅपटॉप, ना वही. खेळाडू स्टेजवर आला की ते बसल्या जागेवरून हाक मारून विचारायचे, "भाऊ किती?" पोरगा बावरून सांगायचा, "एक, पुण्याला आहे." मग पुढचा प्रश्न, "शेती कोण बघतं?" "मीच." की मामांचा हात वर. दुसऱ्याला विचारलं, दुकान स्वतःचं का भाड्याचं? तिसऱ्याला, लग्न झालंय का आणि सासर कुठलं? चौथा चांगला फटकेबाज होता, त्याला विचारलं, "घरी बैल आहेत का?" तो छाती काढून म्हणाला, "गाडा आहे आपला." मामांनी हात खाली घेतला. तो खेळाडू मला दोन हजारांत मिळाला आणि मला वाटलं, म्हातारा चकला.

मामांनी एकाही खेळाडूसाठी साडेसहा हजारांच्या वर बोली लावली नाही. त्यांच्या संघात कोण होतं? दूध संकलन केंद्र चालवणारा, सलूनवाला, साखर कारखान्यातला कायम कामगार, पाटसचा हार्डवेअरवाला. सगळे तिशीच्या पुढचे, दोघांची पोटं टी-शर्टात मावत नव्हती. जाताना मी त्यांना गमतीनं म्हटलं, "मामा, ही टीम तीन वर्षांनी काठी टेकत येईल." ते म्हणाले, "येईल ना? मग झालं."

पहिला हंगाम जानेवारी-फेब्रुवारी 2024 मध्ये झाला. डावखुऱ्यानं पहिल्या दोन सामन्यांत सहा गडी काढले, पण तिसऱ्या सामन्याला ओपनर नव्हता. चाकणला अप्रेंटिस लागला होता आणि त्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी स्वतः लोकांच्या सुट्ट्यांचे तक्ते लावतो, मला हे आधी सुचायला हवं होतं. विकेटकीपरची बारावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. त्याच्या आईनं मला दारातच सांगितलं, "दादा, तुमचे नऊ हजार पॉइंट काय असतील ते घेऊन जा, पोरगं येणार नाही." आणि 24 तारखेला, माघी पौर्णिमेच्या शनिवारी, आमचा गाडेवाला फटकेबाज यात्रेतल्या घाटात बैलांपुढे घोडी पळवत होता. बैलगाडा शर्यतींवरची टांगती तलवार सुप्रीम कोर्टानं 2023 च्या मे महिन्यात दूर केली होती. तेव्हा मीही पेढा खाल्ला होता. त्या शनिवारी आम्ही नऊ जणांनिशी खेळलो.

आठांत सहावे आलो. मामांचा संघ फायनलला गेला. तिथे हरला, पण प्रत्येक सामन्याला त्यांचे बाराही जण हजर होते, दूधवाला तर सकाळचं संकलन उरकून घासलेल्या कॅनसह.

तरी माझा धीर सुटला नव्हता, त्याला कारण पुणेरी पलटण. 1 मार्च 2024 च्या रात्री सेकंड शिफ्टला कँटीनमध्ये मोबाईल ग्लासला टेकवून आम्ही प्रो कबड्डीची फायनल पाहिली. पलटणनं हरियाणाला 28-25 नं हरवलं. 2014 च्या पहिल्या हंगामात हीच टीम तळाला होती. कर्णधार अस्लम इनामदार, घोडनदीपलीकडच्या नगर जिल्ह्यातला. तो आणि मोहित गोयत ही पोरं पलटणनं कोवळी असताना घेऊन सांभाळली होती. उलट त्या हंगामाचा सगळ्यात महाग खेळाडू पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सनं त्याला 2 कोटी 60 लाखांच्या वर पैसे मोजून घेतलं आणि संघ शेवटचा आला. मी मामांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर सकाळी आलं: "त्यांना पगार असतो."

हे तीन शब्द मला तेव्हा टोमण्यासारखे वाटले. जूनमध्ये त्यांचा अर्थ कळला.

त्या वर्षी राज्यात पोलीस भरतीच्या 17,471 जागा निघाल्या होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. मैदानी चाचण्या 19 जूनपासून सुरू होणार होत्या. माझ्या डावखुऱ्यानं दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाचा फॉर्म भरला होता. त्यांची मैदानी शंभर गुणांची: पाच किलोमीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. मे महिन्यात त्यानं मला फोन केला. "सर, पहाटे न्हावरे रोडला पळायचंय. उसातून बिबट्या निघतो, एकट्याला घरचे सोडत नाहीत. तुम्ही गाडी घेऊन मागं याल का?"

महिनाभर गेलो. फर्स्ट शिफ्टच्या आधी, पहाटे साडेचारला. पुढे तो, मागे माझ्या बाइकचा दिवा आणि हँडलला टांगलेलं स्टॉपवॉच. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्येच एखादं टिटवीचं ओरडणं. त्याचा वेळ आठवड्याला दहा-पंधरा सेकंदांनी उतरत होता आणि मी मोठ्यानं आकडे सांगत होतो. असल्याच एका पहाटे लक्षात आलं की 14 हजार पॉइंटांचा माझा खेळाडू मीच पळवून लावतोय. गाडी मात्र थांबवली नाही.

त्याचं काम झालं. घरी पेढे घेऊन आला, पाया पडला, म्हणाला, "सर, लीगचं काय?" म्हटलं, लीगचं बघू. त्याचं ट्रेनिंग नानवीजला सुरू झालं. नानवीज दौंडच्या वेशीशीच. 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या हंगामाचे सामने दौंडला होते, माझा फास्ट बॉलर मैदानापासून काही किलोमीटरवर कवायत करत होता आणि आमच्याकडून कारखान्यातला एक स्टोअरकीपर बॉलिंग टाकत होता. मामा जिंकले. हार्डवेअरवाला सामनावीर. बक्षीस घ्यायला तो गुडघ्याला पट्टा बांधून स्टेज चढला.

3 जून 2025 ला बंगळुरूनं अखेर आयपीएल जिंकलं, तेव्हा रात्री बाराला मी मामांना पुन्हा छेडलं: बघा, पोरगं राखून ठेवलं की फळ मिळतं. लगेच उत्तर आलं: "18व्या वर्षी. तोवर मी रिटायर."

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, तिकडे खेळाडूचं वय म्हणजे त्याचे गुडघे, तुमच्याकडे वय म्हणजे वेगळंच काहीतरी दिसतंय. खरंच आहे. आमच्याकडे अठरा ते चोवीस ही वर्षं कुणाचीच नसतात, ना आईबापाची, ना संघमालकाची. भरती, अप्रेंटिस, पुण्यातली कॉट बेसिसवरची खोली. पोरगं तिशीत गावात उरलं तरच ते गावाचं. मामा स्टेजवरच्या पोराला हेच विचारत होते. माझ्या वहीत हिरव्या पेनानं खुणा केलेल्या एकवीस नावांपैकी आज दोन्ही तालुक्यांत सात जण राहतात. परवा मोजले.

यंदा दिवाळीच्या चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. फराळाला बोलावतील असं वाटलं.

"तुमचा तो डावखुरा अजून तुमच्याच यादीत आहे ना?"

म्हटलं, आहे, सोडला नाही. चार जणांत त्याचं नाव घालायला हात धजला नाही.

"त्याला मला द्या. दूधवाला घ्या, वर सहा हजार पॉइंट घ्या."

दूधवाला? दोन वर्षांत एकही सामना न चुकवलेला माणूस? मी विचारलं, "मामा, तो बंदोबस्ताला जाईल हो. आज गडचिरोली, उद्या नागपूर."

"जाऊ दे की. ग्रुप दौंडचा, क्वार्टर दौंडला. आता अठ्ठावन्नपर्यंत तो कुठं जात नाही. कुठंही गेला तरी इंजिन फिरवायला दौंडलाच येणार."

मी गप्प राहिलो. पलीकडून मनमाड गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

"घाई नाही," ते म्हणाले. "भाऊ किती त्याला?"

"एक बहीण. लग्न झालं तिचं."

"मग सात देतो."

रविवारपर्यंत सांगतो म्हणालो आहे. आज शुक्रवार.