जोर कुणावर?

शुद्धलेखनाच्या खात्यात मी शाळेपासूनचा थकबाकीदार. ‘दिन’च्या जागी ‘दीन’ लिहून मार्क घालवले; महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर या दोहोंत फरक तो काय, हे मला अजून कळलेलं नाही. अशा माणसाच्या मुलीनं स्पॅनिश घ्यावं आणि क्रियापदं घोकायला समोर बापालाच बसवावं!

पहिलंच क्रियापद निघालं ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. मी सावरून बसलो. आपला ‘पगार’ याच घराण्यातला, पोर्तुगीजांबरोबर आलेला. त्यांच्याकडे नावे, आपल्याकडे जमा, एवढाच फरक.

नियम म्हणे सोपा. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असला तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, एरवी शेवटच्यावर. नियम मोडला की स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ. ‘पा-गो’त ‘पा’वर जोर दिला तर ‘मी देतो’. जोर ‘गो’वर नेला, रेघ मारली, की ‘त्याने दिले’ किंवा ‘तिने दिले’. एका रेघेत काळही बदलला आणि देणाराही! आमच्या बँकेत एवढ्या फेरफाराला सही लागते.

उधारीत तर आणखी घोळ. ‘फी-ओ’, ‘फी’वर जोर: मी उधार देतो. जोर ‘ओ’वर: त्याने दिली. या दुसऱ्यावर पूर्वी रेघ असे. २०१० साली स्पॅनिश अकादमीनं लिहिण्यापुरतं ते एकच अक्षर धरलं आणि रेघ काढून टाकली. बोलताना मात्र कित्येकजण अजून दोनच करतात. उधारीचा हिशेब कुठंच जुळत नाही.

आणि मग क्लासच्या फीची शेवटची तारीख आली. सकाळी तिनं दारातून विचारलं, ‘‘बाबा, फी?’’ दाढी करता करता मी रुबाबात म्हटलं, ‘‘पागो!’’ आणि दिवसभर लोकांचे पैसे मोजण्यात घरची फी राहून गेली.

संध्याकाळी ती आली ती डोळे लाल करूनच. सगळ्यांसमोर तिचं नाव वाचलं होतं.

‘‘अगं, मी ‘देतो’ म्हटलं होतं!’’

‘‘जोर ‘गो’वर दिलात तुम्ही. मला वाटलं, ‘तिने दिली’.’’

‘‘तिने म्हणजे कोणी?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दंडासकट फी भरून पावती तिच्यापुढं ठेवली. ‘पागो’ दोन्ही प्रकारे म्हणून पाहिलं.

‘‘‘मी दिली’ म्हणजे ‘पागे’,’’ ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. ‘‘‘गे’वर जोर.’’

मी दिला. ती हसली नाही, पण जेवायला आली.