घरातील मंडळी

आजीच्या लोखंडी ट्रंकेत आजोबांची पत्रे होती. ती मी या दिवाळीच्या सुट्टीत तारखांप्रमाणे लावली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे असली कामे आपोआप माझ्याकडे येतात. आजी गेल्या वर्षी कार्तिकात वारली. तिला अक्षर वाचता येत नव्हते, तरी एकही पत्र तिने गहाळ होऊ दिले नव्हते.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९५६ साली बेळगावला गेले आणि १९७६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. आमच्या सातारा जिल्ह्यात यात नवल ते काय? आजीचे माहेर अपशिंग्याच्या पंचक्रोशीतले. त्या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. फौजेतला नवरा म्हणजे वर्षातून दोन महिन्यांचा नवरा, हे तिकडच्या मुलींना कुणी समजावून सांगावे लागत नसे.

पत्रे सगळी पणजोबांच्या नावे आहेत. 'तीर्थरूप दादांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरुवात. मग पाऊसपाणी, मनीऑर्डर पोचल्याचे कळवावे, आणि शेवटी 'घरातील मंडळींस आशीर्वाद'. ही घरातील मंडळी म्हणजे माझी आजी. वीस वर्षांत तिचे नाव एकदाही नाही! बायकोला निराळे पत्र लिहिणे हा त्या काळी निर्लज्जपणा होता. शाळेचे गुरुजी सोप्यात बसून पत्र मोठ्याने वाचीत आणि आजी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐके.

"मग त्यात तुझ्यासाठी काय असायचं गं?" मी एकदा विचारले होते.

"तांबडी गाय कशी हाय, आसं लिवायचं की," ती म्हणाली.

पत्त्यावर गाव नसे. पलटणीचे नाव आणि खाली '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' एवढेच. दोन सारखे आकडे शेजारी आले, की धनी पूर्वेच्या सरहद्दीला आहेत, एवढे तिला एका पेन्शनर सुभेदाराने शिकवले होते. तेवढ्या दोन आकड्यांपुरती माझी आजी साक्षर होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा उलटेच घडले. सुरक्षित ते आणि धोक्यात घरचे. त्या वेळचे पत्र एका ओळीचे आहे: सर्व मंडळी सुखरूप असल्याची तार करावी. १९७१ च्या डिसेंबरात आजोबांची पहिली मराठा, म्हणजे 'जंगी पलटण', जमालपूरच्या लढाईत होती. ११ तारखेला जमालपूर पडले, १६ तारखेला ढाक्याला शरणागती झाली, हे आम्ही आता पुस्तकांत वाचतो. आजीला त्या महिन्यात एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे पत्र नाही. ते जानेवारीत आले. त्यात लढाईविषयी एक अक्षर नाही. तांबडी गाय कशी आहे, ही चौकशी मात्र आहे. ती गाय विकल्याची बाजाराची पावती याच ट्रंकेत सापडली. पावती १९६४ ची आहे.

पुढे बहात्तरचा दुष्काळ. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. वीरपत्नी, वीरमाता हे शब्द आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. खडीच्या ढिगाचे माप तिला इतर बायांइतकेच होते. थोरले चुलतेही फौजेत गेले आणि शांतिसेनेबरोबर १९८७ साली श्रीलंकेला. त्या दिवसांविषयी ती कधी बोलली नाही. नवऱ्याच्या आठवणी सांगायची, मुलाच्या नाही.

आजोबा २०१४ साली वारले आणि आजीची पेन्शन अडली. लग्नात तिचे नाव बदलले होते. रेशनकार्डावर, आधारकार्डावर सासरचे नाव. पलटणीच्या कागदोपत्री मात्र आजोबांनी तिचे माहेरचे नाव लावले होते. मी तेव्हा आठ वर्षांची. तिच्या पदराला धरून मीही त्या कचेरीत जात असे. अकरा महिने हेलपाटे झाले. एकदा तिथले कारकून म्हणाले, "मालकांनी चुकून दुसरं नाव सांगितलं, असं प्रतिज्ञापत्र करून आणा."

आजी एरवी साहेबापुढे मान वर करीत नसे. त्या दिवशी ती ठाम उभी राहिली. "चुकून न्हाई. त्यास्नी म्हाईत व्हतं माजं नाव."

वडिलांनी तिला पुष्कळ समजावले. सही करायला काय जाते, पैसे सुटतील. ती ऐकेना. शेवटी एका वकिलांनी 'चुकून' हा शब्द गाळून, दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, एवढेच लिहिले. मगच तिने अंगठा उठवला.

ती गेल्यावर मृत्यूच्या नोंदीसाठी वडील ग्रामपंचायतीत गेले. मी बरोबर होते. दोन नावे आहेत म्हटल्यावर मधे 'ऊर्फ' घालू, असे ग्रामसेवक म्हणाले, आणि आधी कोणते लिहू, म्हणून विचारले. वडील क्षणभर थांबले. मग त्यांनी माहेरचे सांगितले.