क्रोटनचा लाल आणि देशावरची हवा

कोकणात कुंपणाला खोचलेली क्रोटनची फांदी जसा रंग धरते, तसा पुण्यात महागड्या कुंडीतलं झाड धरत नाही, आणि मग सगळे खताच्या मागे लागतात. माझ्या मते यात खताचा दोष नाही, थंडीचाही निम्माच. रंग उन्हाने चढतो, पण पान टिकतं ते हवेतल्या ओलाव्यावर. इंडोनेशियाच्या मलुकू बेटांपासून पॅसिफिकपर्यंतच्या ज्या पट्ट्यातून हे झाड आलं, तिथे दोन्ही एकत्र मिळतात; रत्नागिरीत, गोव्यातही बऱ्याच अंशी मिळतात. देशावर त्यांची फारकत होते. मार्च-एप्रिलच्या दुपारी ऊन मुबलक, हवा मात्र कोरडी ठाक. झाड उन्हात ठेवावं तर पानांच्या कडा करपतात, पानाच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणतो; सावलीत न्यावं तर पान राहतं, पण नवी फूट हिरवीच येते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की खालची पानं गळतात हे खरं, पण खोड शाबूत असेल तर ते झाड पुन्हा फुटतं. कोरड्या हवेचं दुखणं जास्त चिवट.

यावर पहिला आक्षेप मातीचा. काळ्या मातीत चुना जास्त, त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे ही अडचण नाही. मान्य. पण त्या दुखण्याची खूण वेगळी आहे. त्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान फिकं पडतं. क्रोटनच्या बहुतेक जातींत शिराच पिवळ्या-लाल असतात आणि मधला भाग हिरवा. पान उलटंसुलटं करून पाहिलं तरी हा फरक कळतो. शिवाय लाल माती आणि कोकोपीट भरलेल्या कुंडीतही कडा करपतातच, तिथे काळ्या मातीवर खापर कसं फोडणार? दुसरा आक्षेप असा, की अ‍ॅग्लोनेमा, कॅलेडियम सावलीतच रंगतात. रंगतात, पण कॅलेडियमचं पांढरं, कागदासारखं पातळ पान प्रखर उन्हात जळतं, आणि क्रोटनच्या चिवट पानाला तेच ऊन मिळालं नाही तर लाल चढत नाही. दोघांना एकाच हिरव्या जाळीखाली ठेवणं ही निव्वळ सोय झाली. फवाऱ्याबद्दल म्हणाल, तर त्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो आणि जड पाण्याचे पांढरे डाग तेवढे मागे राहतात. त्यापेक्षा कुंड्या दाटीने एकत्र ठेवाव्यात, पूर्वेचं ऊन द्यावं आणि दुपारी भिंतीची सावली.

आमच्या धंद्याबद्दलही एक बोलायला हवं. पुण्या-नाशिकच्या नर्सऱ्यांत येणारी कितीतरी झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीच्या मुखाकडच्या दमट हवेत ती फार सुरेख वाढवलेली असतात, त्यात वाद नाही. पण त्यांच्या अंगावरचं पान तिथल्या हवेचं. त्याला चकाकीचा फवारा मारून फेब्रुवारीत विकायचं आणि उन्हाळ्यात ते गळलं की गिऱ्हाइकाला ‘तुमच्या हाताला गुण नाही’ म्हणायचं, ही लबाडी आहे. इथे फुटलेलं पान काय रंगाचं येतं, झाडाची परीक्षा त्यावरच व्हावी. त्यासाठी वर्षात एकच बरी संधी मिळते. पावसाळ्यात ढगांखाली फुटलेली पानं हिरवट असतात. पाऊस ओसरला की ऊन वाढतं, पण जमिनीतली ओल लगेच जात नाही. तेवढे थोडे आठवडे देश कोकणासारखा वागतो, आणि रंग चढायचा तो तेव्हाच चढतो.

मग एवढा खटाटोप कशाला, तांबडी अ‍ॅकॅलिफा बिनतक्रार वाढते की, असं कोणी म्हणेल. वाढते, पण तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या हवेतलं झाड आपल्या अंगणात लालभडक करून दाखवावं, ही हौस शुद्ध अहंकाराची आहे आणि मला ती सोडवत नाही. तुम्हाला ती नसेल तर सरळ अ‍ॅकॅलिफा लावा. असेल तर क्रोटन जूनमध्ये घ्या, आणि अंगावर एकही रंगीत पान नसलेलं, पण खोडाने जाड असलेलं झाड निवडा.