काचेतला मृग

शोभेच्या माशांच्या बाजारात कोरीडोरास जातीच्या मार्जारमीनांची नेमणूक सरसकट सफाई खात्यात झालेली असते. ऐटदार, रंगीत मासे खपवून झाले की, "तळ साफ ठेवायला या चार कोरीही असू द्या, साहेब," असे विक्रेता जाता जाता सुचवतो, आणि गिऱ्हाईकही फारशी चौकशी न करता त्या पिशवीत घालून घेते. हा त्या जीवावर धडधडीत अन्याय आहे. कोरी घाण खात नाही. मऊ वाळूत मिशा खुपसून ती अन्नकण हुडकते, आणि वरच्या माशांच्या उष्ट्यावर तिची बोळवण केली, तर थोड्याच अवधीत ती कृश होऊन जाते. सेवानिवृत्तीनंतर क्रॉफर्ड मार्केटमधून मी काही कोरी घरी आणल्या, त्या त्यांना स्वतंत्र शिधा देण्याच्या निश्चयानेच. त्यांची वीण आपल्या घरी व्हावी ही आकांक्षा मात्र, त्या कशा वागतात ते पाहता पाहता, मागाहून जडली.

माझ्याकडच्या त्या ब्राँझ कोरी. लांबी जेमतेम दोन-अडीच इंच, प्रत्येक कुशीवर अस्थिपट्टांच्या दोन रांगांचे चिलखत, आणि मधूनच सपकन पृष्ठभागी येऊन हवेचा घोट घेण्याची सवय. त्या हवेतला प्राणवायू आतड्याच्या मागच्या भागात शोषला जात असल्यामुळे साचलेल्या पाण्यातही ही जात तग धरते. थिओडोर गिल यांनी 1858 साली त्रिनिदादमधील नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. 2024 साली शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या अवाढव्य वंशाची फाळणी केली, तेव्हा तिचे नाव ऑस्टिओगॅस्टर या खात्यावर चढले, परंतु बाजाराने या फेरफाराची दखल अद्याप घेतलेली नाही. तिची एक ठिपकेदार बहीण आहे, जिचे नमुने तरुण डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत गोळा केले होते. तिची वीण पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी 1878 सालीच काचपात्रात घडवून आणली होती. तेव्हा मी काही अपूर्व करीत होतो, असा माझा मुळीच दावा नाही.

वीण घडवण्याची ही सारी खटपट वस्तुतः पाऊस पाडण्याची खटपट आहे. मूळ देशी कोरडा ऋतू सरून नद्यांना थंड, मृदु पाणी येऊ लागले, की या माशांचा विणीचा काळ सुरू होतो. आणि त्रिनिदादचा पावसाळाही आपल्याप्रमाणेच जूनच्या सुमारास लागतो. मुंबईच्या नळाला येणारे तानसा-वैतरणेचे पाणी मुळातच मृदु असल्यामुळे ती एक अडचण आपोआप टळली. मे महिनाभर एका मादीला दोन नर या हिशेबाने निवडलेल्या मंडळींना मी जिवंत ट्युबिफेक्स कृमींचा सकस आहार दिला, टाकीतले पाणी आटू दिले, आणि माद्या वरून पाहता अंड्यांनी रुंद दिसू लागल्यावर, क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर उघडे ठेवलेले पाणी माठात निववून, टाकीपेक्षा चार-पाच अंशांनी गार असे ते तिच्यात हळूहळू सोडू लागलो. "हा माठ माणसांचा आहे की माशांचा?" या घरातून उपस्थित झालेल्या हरकतीवर समाधानकारक खुलासा मला शेवटपर्यंत करता आला नाही. पण मृगाच्या सरी आल्या, आभाळ दाटून हवेचा दाब उतरला, आणि बाहेरचा पाऊस व माझा पाऊस एकाच रात्री पडले. पहाटे सारी टाकी खळबळून गेली होती.

बाजारातल्या बहुतेक ब्राँझ कोरी मत्स्यशेतीतल्या हौदांत निपजलेल्या असतात. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नदी पाहिलेली नसते. तरी गार पाण्याचा स्पर्श होताच त्यांच्या देहातली कुठलीशी जुनी सनद जागी व्हावी, याचे मला वाटलेले नवल अजून ओसरलेले नाही.

समागमाचा विधीही विलक्षण आहे. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, आणि त्याच क्षणी आपले अधरपर जुळवून केलेल्या ओंजळीत दोन-चार अंडी सोडते. नराचे वीर्य ती प्राशन करते, ते आतड्यातून काही सेकंदांत पार होते आणि ओंजळीतल्या अंड्यांपर्यंत पोचते, असे कोहदा प्रभृती जपानी संशोधकांनी 1995 साली मांडले. त्यांनी मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडून त्याचा मार्ग तपासला होता. मग ती काचेवर जागा निवडते, तोंडाने ती साफसूफ करते आणि अंडी चिकटवून परतते. माझ्या टाकीत दुपारपर्यंत हा व्यवहार चालला होता.

आईबाप अंडी खातात, यात शंका बाळगू नये. म्हणून ती घट्ट होताच मी बोटाच्या टोकाने हलकेच सुटी केली, त्याच टाकीतले पाणी भरलेल्या एका उथळ डब्यात ठेवली, हवेचे बुडबुडे सुरू केले आणि बुरशीच्या बंदोबस्तासाठी मिथिलीन ब्लूचे थेंब सोडले. पांढरी पडलेली अंडी वेचून काढणे हे नित्याचे काम झाले. उरलेली पिवळसर, मग तपकिरी होत गेली, आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास त्यांतून वळवळणारे, पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी बांधलेले जीव बाहेर पडले. ती शिदोरी दोन दिवसांत संपते. त्यानंतरचा काळ खरोखर कसोटीचा. मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवून त्यांची ताजी पिल्ले दिवसातून अनेक वेळा द्यावी लागतात, आणि उरलेले अन्न कुजण्यापूर्वी ड्रॉपरने ओढून घ्यावे लागते. अस्वच्छ तळावर ही पिल्ले सर्वांआधी दगावतात. तेव्हा सफाईचे काम या जातीचे नसून तिच्या पालकाचे आहे, हे मी ठामपणे सांगू शकतो.

पिल्ले पाऊण इंचाची होऊन त्यांच्या अंगावर चिलखत चढल्यावर, परांच्या काट्यांमुळे ती जाळीत अडकू नयेत म्हणून, पेल्याने पकडून मी त्यांतली बरीचशी त्याच विक्रेत्याकडे नेली. त्याने पिशवी उजेडात धरून प्रथम मिशा शाबूत आहेत की नाहीत ते पाहिले, मान डोलावली, आणि रोख रकमेऐवजी खाद्याचे पुडे देऊ केले. मी घासाघीस न करता ते स्वीकारले, कारण मागे राहिलेल्या पिल्लांचा शिधा तोवर माझ्या निवृत्तिवेतनाला बऱ्यापैकी जाणवू लागला होता.