मात्सुओच्या डोंगरावरून

सेकिगाहाराच्या छोट्याशा स्टेशनवर माझ्याबरोबर दोन आजीबाई उतरल्या आणि पिशव्या सावरत घरी गेल्या. रणांगण पाहायला आलेला मी एकटाच. नागोयाहून ओगाकीमार्गे तासाभराचा प्रवास, पण उतरल्यावर समोर काय, तर भाताची कापलेली शेतं आणि कौलारू घरं.

२१ ऑक्टोबर १६०० रोजी या दरीत दीड लाखाच्या घरात फौज जमली होती. पूर्वेकडचा तोकुगावा इएयासू, पश्चिमेकडचा इशिदा मित्सुनारी. सकाळचं धुकं निवळल्यावर पेटलेली लढाई दुपारपर्यंत निकाली निघाली. पुढची अडीचशेहून जास्त वर्षं जपान तोकुगावांचा झाला. २०२० साली उघडलेलं संग्रहालय चकाचक आहे, पण माझं मन तिथे रमेना. मला मात्सुओचा डोंगर चढायचा होता.

तिथे कोबायाकावा हिदेआकी बसला होता. वय जेमतेम एकोणीस, हाताशी पंधरा हजार माणसं. नावाला पश्चिमेचा, पण दुपारपर्यंत जागचा हलला नाही आणि हलला तो आपल्याच बाजूवर तुटून पडायला. फितूर म्हणून त्याच्यावर रागावूनच मी चढाई सुरू केली. माथ्यावर पोचेस्तोवर निम्मा राग धापेत विरला. ओनिगिरी खात बसलो. समोर मित्सुनारीचा सासाओ डोंगर, मध्ये सगळी दरी तळहातावर असावी तशी. इथे बसलेल्याला कोण जिंकतंय हे पाहून ठरवण्याचा मोह होणारच, असं वाटून गेलं.

उतरून ओतानी योशित्सुगूच्या समाधीकडे गेलो आणि ते वाटणं टिकलं नाही. महारोगाने जर्जर, नजर जवळपास गेलेली, पालखीतून रणात आलेला हा माणूस. कोबायाकावा उलटणार हे ओळखून त्याने आपली फळी मात्सुओच्या पायथ्याशीच लावली होती. लोंढा अंगावर आला तेव्हा तो काही काळ थोपवलाही. शेवटी पोट चिरून घेतलं. समाधी बांधली ती शत्रूपक्षातल्या तोदो घराण्याने. शेजारी त्याच्या इमानी सेवकाची, युआसा गोसुकेची. दोन्हींपुढे ताजी फुलं होती.

जाल तर आधी मात्सुओ चढा, मग ओतानीकडे या. उलट्या क्रमाने गेलात तर डोंगर चढायची इच्छाच उरणार नाही. आणि बूट चांगले घाला, वाट निसरडी आहे.