कोनागणिक पालटणारा रंग : होलोग्राफिक आणि मल्टिक्रोम नेलपॉलिशचा अनुभव

साध्या नेलपॉलिशचा रंग रंगद्रव्यामुळे, म्हणजे पांढऱ्या प्रकाशातल्या काही लहरी शोषून घेऊन उरलेल्या परत पाठवणाऱ्या पदार्थामुळे दिसतो, आणि म्हणून लाल नेलपॉलिश दुकानात, घरात किंवा रस्त्यावर कोठेही पाहिले तरी साधारणपणे लालच राहते. होलोग्राफिक आणि रंग पालटणारे नेलपॉलिश हे दोन प्रकार मात्र या नियमात बसत नाहीत. पहिल्यात रुपेरी किंवा फिक्या रंगाच्या थरावर प्रकाश पडताच इंद्रधनुष्याचा पट्टा उमटतो आणि बोट हलले की तोही सरकतो. दुसऱ्यात एकच थर समोरून हिरवा, जरा कलल्यावर निळा आणि आणखी कलल्यावर जांभळा दिसतो. दोन रंगांत पालटणाऱ्या नेलपॉलिशला ड्युओक्रोम आणि त्याहून अधिक रंगांतून जाणाऱ्याला मल्टिक्रोम म्हणतात. प्रस्तुत लेखिकेने हे प्रकार पुण्यातल्या रोजच्या व्यवहारात, दुपारच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि पावसाळी मळभात वापरून पाहिले असून, त्या वापरातून जे आढळले त्याचे आणि त्यामागच्या कारणांचे विवेचन येथे केले आहे.

होलोग्राफिक नेलपॉलिशमध्ये त्रिमितीय प्रतिमा नसते. त्यात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या तरंगत असतात आणि प्रत्येक चकतीवर एकमेकींना समांतर अशा बारीक खाचा उठवलेल्या असतात. दोन खाचांमधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे असल्यामुळे खाचांवरून परतणाऱ्या लहरी आपापल्या रंगानुसार वेगवेगळ्या दिशांना वळतात. या घटनेला विवर्तन आणि अशा खाचांच्या रचनेला विवर्तन जाळी म्हणतात. अमेरिकेतल्या डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८५ च्या सुमारास ताणलेल्या केसांची अशी जाळी बनवली होती आणि जर्मनीतल्या योझेफ फ्राउनहोफर यांनी १८२१ मध्ये तारांच्या जाळीने प्रकाशाच्या तरंगलांबी मोजल्या. ज्या सीडीवर पूर्वी गाणी ऐकली जात, तिच्यावरचे रंगही याच कारणाने दिसतात, कारण तिच्या शेजारशेजारच्या दोन वळशांत १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट अंतर असते.

ही चकती किती मोठी आहे आणि नखावर कशी बसते यावरून होलोग्राफिक नेलपॉलिशचे दोन पोटप्रकार होतात. चकत्या पिठासारख्या बारीक असून सगळ्या नखाशी समांतर आडव्या झोपल्या तर त्यांचे रंग एकत्र येऊन एक सलग, वाहता पट्टा तयार होतो. त्याला लिनिअर म्हणतात. तुकडे डोळ्यांना सुटे दिसतील एवढे मोठे असले तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चमकतो आणि नखभर रंगीत ठिणग्या विखुरल्यासारख्या वाटतात. त्याला स्कॅटर्ड म्हणतात. स्कॅटर्ड प्रकार लावायला सोपा आणि लावणाऱ्याच्या हातावर फारसा अवलंबून नसतो, तर लिनिअर प्रकारात सगळे काही चकत्यांच्या मांडणीवर ठरते, आणि म्हणून खरा अभ्यासविषय तोच आहे.

लिनिअर नेलपॉलिश लावताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती नखाच्या पोताची. नखावर उभ्या बारीक रेघा असतील तर त्यांच्या उंचसखलपणामुळे चकत्या वेगवेगळ्या बाजूंना कलतात आणि पट्टा तुटक दिसतो. म्हणून आधी या रेघा बुजवणारा बेस कोट लावून तो पूर्ण वाळू देणे आवश्यक ठरते. बाटली जोराने हलवली तर द्रवात बुडबुडे शिरतात, त्यामुळे ती दोन्ही तळहातांमध्ये घोळवून तळाशी बसलेल्या चकत्या वर आणाव्या लागतात. ब्रशचा पहिला हात नखाच्या मधोमध, पुढचे दोन कडांना, आणि मग थांबणे, एवढ्यातच काम उरकावे लागते, कारण अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश पुन्हा फिरला की खालचा थर ओरखडला जाऊन मध्येच उघडे नख दिसू लागते. थर पातळ ठेवण्यामागेही कारण आहे. नेलपॉलिशचा पडदा नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि तो एथिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट यांसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडाला की पडदा वरून खाली आक्रसतो आणि त्या दाबाने चकत्या आडव्या होतात. पातळ थरात हे आक्रसणे एकसारखे होते. जाड थरात वरचा भाग आधी वाळतो, आतल्या चकत्या तिरप्याच अडकतात आणि इंद्रधनुष्य मंदावते. दोन पातळ थर आणि त्यांमध्ये पुरेसा वेळ, ही पद्धत लेखिकेला सर्वांत खात्रीची वाटली.

असे नीट लावलेले नख भर दुपारी खिडकीजवळ उन्हात धरले असता जे दिसते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. अंगठ्याच्या नखावर सूर्याचा पांढरा, झगझगीत ठिपका असतो. त्याच्यालगत थोडी रुपेरी जागा सुटते आणि मग दोन्ही बाजूंना रंग क्रमाने सुरू होतात, ठिपक्याच्या जवळ जांभळा, मग निळा, हिरवा, पिवळा आणि सर्वांत दूर तांबडा. लोलकातून प्रकाश जातो तेव्हा जांभळा रंग सर्वाधिक वळतो. विवर्तन जाळीत मात्र तरंगलांबी जितकी मोठी तितके वळण अधिक, म्हणून येथे तांबडा सर्वांत लांब जातो. शाळेच्या पुस्तकात वाचलेला हा फरक स्वतःच्या बोटावर, कोणत्याही उपकरणाशिवाय पडताळता येतो, हे या नेलपॉलिशचे फार मोठे देणे आहे असे लेखिकेचे मत आहे.

तेच नख घेऊन खोलीत आले की चित्र पालटते. ठळक पट्टा उमटण्यासाठी प्रकाश एका लहान स्रोतापासून, एकाच दिशेने यावा लागतो. सूर्य किंवा मोबाइलचा टॉर्च ही अट पुरी करतो, पण ट्यूबलाइट लांबोडकी असल्यामुळे तिच्या निरनिराळ्या भागांपासून निघालेले रंगपट्टे एकमेकांत मिसळतात आणि नखावर नुसती रंगीत झाक उरते. पावसाळी मळभात तर प्रकाश साऱ्या आकाशातून सारखाच येतो, सगळ्या दिशांचे पट्टे एकमेकांवर पडून पुन्हा पांढरा प्रकाश तयार होतो, आणि जे नख उन्हात लखलखत होते ते साध्या राखाडी-रुपेरी रंगाचे दिसते. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळ्या-जांभळ्या छटा जवळपास नाहीशा होतात, कारण त्या दिव्याच्या प्रकाशातच त्या फार थोड्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये असे नेलपॉलिश विकत घेऊन ते फिके असल्याची तक्रार करणाऱ्यांनी ऊन पडेपर्यंत थांबावे, कारण उणीव बहुधा बाटलीत नसून आभाळात असते.

रंग पालटणाऱ्या नेलपॉलिशचे तत्त्व याहून वेगळे आहे. त्यात खाचा नसतात, तर एकावर एक चढवलेले अतिशय पातळ पारदर्शक थर असतात. अशा थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी एकत्र येतात तेव्हा ज्या रंगाच्या लहरींचे चढउतार जुळतात तो रंग उजळतो आणि ज्यांचे जुळत नाहीत तो विझतो. याला व्यतिकरण म्हणतात. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच प्रकारचे. थर तिरपा पाहिला की या दोन लहरींच्या मार्गांमधला परिणामी फरक कमी होतो, त्यामुळे जुळणी आखूड लहरींशी होते आणि रंग निळ्या बाजूला सरकतो. म्हणूनच समोरून हिरवा दिसणारा थर कलल्यावर निळा होतो, लाल होत नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात मोरपिसाच्या रंगांचे निरीक्षण नोंदवले होते, आणि आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांची पिसे आणि शिंपले यांच्या अशाच रंगांचा अभ्यास केला होता.

या तत्त्वावर बनवलेले रंगद्रव्य नखांसाठी जन्माला आले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा येथे प्रकाशीय लेप बनवणाऱ्या उद्योगातून ते विकसित झाले आणि बनावट नोटा रोखणारी शाई व मोटारींचे रंग ही त्याची मोठी क्षेत्रे ठरली. अशा चकतीच्या मधोमध ॲल्युमिनियमचा परावर्तक थर, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सर्वांत बाहेर प्रकाश अर्धवट आत सोडणारा क्रोमियमचा विरळ थर असतो. हे सगळे थर निर्वात कक्षात प्लॅस्टिकच्या पट्टीवर वाफेच्या रूपाने चढवून नंतर सोलून दळले जातात, आणि म्हणूनच असे रंगद्रव्य महाग पडते. भारतीय वाचकाला त्याचा परिचय पूर्वीच झालेला आहे. २००० साली ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटांवरचा आकडा अशा शाईने छापला जाऊ लागला होता, आणि २०१६ पासूनच्या ५०० रुपयांच्या नोटेतला सुरक्षा धागा आजही नोट कलती केल्यावर हिरव्याचा निळा होतो. ती नोट आणि हिरवट-निळे मल्टिक्रोम लावलेले नख शेजारी धरून एकाच वेळी कलते केले, तर दोन्हींतला बदल एकाच दिशेने होताना दिसतो.

मल्टिक्रोमचा अनुभव होलोग्राफिकपेक्षा शांत, पण अधिक टिकणारा आहे. काळ्या बेसवर ते लावले असता अनामिकेच्या नखाचा मधला भाग हिरवा, दोन्ही उतारांवर निळा आणि अगदी कडेला जांभळा दिसतो, कारण नख गोलाकार असल्यामुळे एकाच वेळी अनेक कोन डोळ्यांसमोर असतात. सपाट प्लॅस्टिकच्या नमुन्यावर तेच नेलपॉलिश एकरंगी भासते. काळ्या रंगाचे महत्त्व ड्युओक्रोममध्ये आणखी वाढते. त्यातले बरेचसे रंगद्रव्य अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर देऊन केलेले आणि पारदर्शक असते, म्हणून त्यातून आरपार गेलेला प्रकाश खालच्या उजळ नखावरून परतला तर रंग धुवून निघतो. काळा थर तो प्रकाश गिळून टाकतो आणि व्यतिकरणाचा रंग तेवढा उरतो. पैठणीच्या धूपछाव विणीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या रंगांचे असल्याने पदर हलला की रंग पालटतो. तेथे दोन रंग धाग्यांना प्रत्यक्ष दिलेले असतात, येथे मात्र मूळ घटकांत त्यांतला एकही नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या द्रव्याच्या घडणीविषयीचा आदर वाढतो. शिवाय मल्टिक्रोमला उन्हाची गरज नसते. कार्यालयातल्या पसरट प्रकाशात आणि मळभातही त्याचे रंग ओळखू येतात.

अभ्रकाचा उल्लेख आला की त्याच्या उगमाकडे डोळेझाक करता येत नाही. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह जिल्ह्यांत सोडून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचा चुरा, ज्याला तेथे ढिबरा म्हणतात, गोळा करून अनेक कुटुंबे पोट भरतात आणि त्या कामात लहान मुलेही राबत आली आहेत. या प्रश्नावर काम करण्यासाठी २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. ग्राहकाच्या हाती एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे घटकांची यादी वाचणे : ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ म्हणजे अभ्रक, आणि ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ म्हणजे कारखान्यात बनवलेले अभ्रक. नैसर्गिक अभ्रक वापरणाऱ्या उत्पादकाला ते कोठून येते हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो बजावला पाहिजे.

वापरासंबंधी आणखी काही गोष्टी नोंदवणे इष्ट आहे. झटपट वाळणारा जाड टॉप कोट लिनिअर नेलपॉलिशवर लावला तर त्यातला द्रावक खालचा थर मऊ करतो, चकत्या हलतात आणि पट्टा मंदावतो. म्हणून थर चांगला वाळल्यावर पातळ टॉप कोट एका हाताने लावावा. स्कॅटर्ड प्रकार काढताना घासण्याऐवजी रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर काही मिनिटे दाबून धरला तर नख खरवडले जात नाही. नेलपॉलिश आणि ॲसिटोन ही दोन्ही ज्वालाग्राही असल्याने शेगडी, निरांजन किंवा समई जवळ असताना ती उघडू नयेत. शस्त्रक्रियेपूर्वी, किंवा बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा असेल तेव्हा, नखे कोरी असावीत, कारण थरातून जाणारा प्रकाश अडला तर रक्तातल्या ऑक्सिजनचे वाचन चुकू शकते.

या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, जिचा दिवस उन्हात, प्रवासात किंवा मैदानावर जातो तिने लिनिअर होलोग्राफिक घ्यावे आणि जिचा दिवस छताखाली जातो तिने काळ्या बेसवरचे मल्टिक्रोम घ्यावे; दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही, प्रश्न आहे तो वापरणारीच्या प्रकाशाचा. छायाचित्र एकच क्षण आणि एकच कोन टिपते, म्हणून केवळ त्यावर विसंबून या बाटल्या निवडू नयेत. दुकानात नमुना मिळाला तर तो दारापर्यंत घेऊन जावा, उन्हात आणि सावलीत पाहावा, बोट सावकाश कलते करावे, आणि घरात विज्ञान शिकणारे मूल असेल तर त्याला ते नख दाखवून कोणता रंग कोठे आहे हे त्यालाच सांगू द्यावे.